हापूस पोर्तुगीजांनी ‘आणला’ म्हणजे नेमकं काय केलं? आणि भेटकलम कसं बांधतात?

सड्यावरचा :

दर मे महिन्यात एकच मजकूर सगळीकडे फिरतो : ‘हापूस पोर्तुगीजांनी भारतात आणला आणि आफोन्सो द आल्बुकेर्कच्या नावावरून त्याचं नाव पडलं.’ आंबा तर इथलाच. मग आणलं काय? जाणकारांना तीन प्रश्न.

१. आंब्याचं कलम पोर्तुगीजांनी सुरू केलं म्हणतात. त्याआधी आपल्याकडे कलम करतच नव्हते का?

२. नाव खरोखर आल्बुकेर्कवरून आलं आहे का?

३. त्या काळची रीत म्हणजे भेटकलम, कुंडीतलं रोप झाडावरच्या न तोडलेल्या फांदीला जोडायचं ते. ते कसं बांधायचं हे मापांसकट कुणी सांगेल का? मुसराद या गोव्याकडच्या आंब्याचं एक म्हातारं झाड आहे, जात नर्सरीत मिळत नाही, ती राखायची आहे. भेटकलम करावं की कोयकलम, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर तोडलेली काडी बसवायची ते?

जुनेकागद :

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो तारखांनीच सुटतो.

आल्बुकेर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. डिसेंबर १५१५ मध्ये गोव्याच्या तोंडाशी येऊन तो जहाजावरच वारला. आंब्याच्या कलमांचं श्रेय परंपरेने ज्या जेझुइट पाद्र्यांना देतात ते गोव्यात आले १५४२ मध्ये. म्हणजे कलमं बांधणारे येण्याच्या सत्तावीस वर्षं आधी हा गृहस्थ गेलेला होता. मेल्यानंतर कुणी त्याचं नाव दिलं असेल, असं म्हणायला वाव उरतो. पण त्याहून चांगला पुरावा हाताशी आहे.

निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस शाहजहान-औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात होता. सतराशेच्या आगेमागे लिहिलेल्या हकिकतीत तो म्हणतो की उत्तम आंबे गोव्याच्या बेटावर होतात, आणि मग त्यांची नावंच देतो : निकुलाव आफोन्सो, मालायासिश, पांढरी कारेरा, तांबडी कारेरा, कोंदचा आंबा, जुवानी पारेरा, मोठा नि गोल बाबिया, मायनातचा आंबा, आवर लेडीचा म्हणजे मारियामातेचा आंबा, आणि आणखी काही. कोंद म्हणजे काउंट, सरदार. मायनात म्हणजे धोबी. एकाच यादीत सरदार, धोबी आणि मारियामाता!

तर आपला हापूस हा कुणा निकुलाव आफोन्सोचा आंबा. नाव आणि आडनाव दोन्ही दिलेलं असताना त्यातलं निकुलाव गाळून तिथे आल्बुकेर्क बसवायचं काही कारण नाही. ‘जुवानी पारेरा’ म्हणजे जुवांव परेरा, आणि त्याच परेराची घासून पायरी झाली. आंब्याच्या पायरीचा दगडी पायरीशी काही संबंध नाही.

नावाचा प्रवासही सरळ आहे. पोर्तुगीज उच्चारात ‘आफोन्सु’मधला न नाकातून निसटता येतो, म्हणून तो आपल्या कानाला लागलाच नाही. गुजरातीत ‘हाफूस’ झाला, तिथे फ टिकला. मराठीत फचा प होऊन ‘हापूस’. कन्नडमध्ये पुढचा ह नाही, नुसता ‘आपूस’.

संकासुर :

म्हणजे नाव त्यांचं, आंबा आपला. मग कलमही आपलंच असणार की! वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अख्खा अध्याय आहे, त्यात कलमं आहेत. सहाव्या शतकातला ग्रंथ. पोर्तुगाल तेव्हा कुठे होतं? उगाच प्रत्येक गोष्टीचं श्रेय टोपीवाल्यांना द्यायची सवय लागली आहे आपल्याला.

जुनेकागद :

संकासुर, ग्रंथ बरोबर आहे. पण त्यातली यादी वाचा. फांदी लावून वाढवायची झाडं म्हणून तिथे फणस, अशोक, केळ, जांभूळ, लकुच, डाळिंब, द्राक्ष, पालीवत, महाळुंग आणि अतिमुक्तक ही नावं आहेत. फांदीला शेण लावून, दुसऱ्या झाडाचं मूळ तोडून त्यावर किंवा त्याच्या खोडावर बसवावी, असं सांगितलं आहे. हे कलमच आहे, वाद नाही. पण यादीत आंबा नाही. संस्कृत काव्यात पानोपानी आम्रमंजरी असताना इथेच आंबा नसावा, हे बोलकं आहे. आंब्याच्या तोडलेल्या काडीचं कलम साधणं अवघड, हे खुंटरोप सांगतीलच.

दुसरी गोष्ट. ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ बोरू, तिरका छाटलेला वेत. पोर्तुगीजमध्ये कलमाला ‘एन्शेर्तु’ म्हणतात, त्याचा मराठीत मागमूस नाही. चावी, बादली, घमेलं, बिजागरी, लिलाव, पगार, तुरुंग हे सगळं त्यांच्याकडून घेणाऱ्या मराठीने कलमाला मात्र फारसी शब्द ठेवला. म्हणजे कलमाची कल्पना इथे आधीपासून नांदत होती. त्यामुळे ‘पोर्तुगीजांनी भारताला कलम शिकवलं’ हे वाक्य खोडायला हवं. ‘पश्चिम किनाऱ्यावर आंब्याला कलम लावून एकेक झाड नावानिशी वाढवायची रीत गोव्याच्या पोर्तुगीज बागांत रुजली’, हे वाक्य टिकतं.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं गेलं. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. आंब्याबद्दल तो भरभरून बोलतो, मुंबईतल्या आपल्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं असंही सांगतो. त्याच्याकडे आंबा ओळखला जातो तो गावावरून आणि झाडावरून. मनुचीकडे सुमारे एकशे चाळीस वर्षांनी नावानिशी जाती आहेत. जे काही घडलं ते या दोघांच्या मधल्या काळात.

खुंटरोप :

मधल्या काळात काय घडलं ते झाडाच्या बाजूने सांगतो.

आपल्याकडचे बहुतेक आंबे एकगर्भी. कोयीत एकच अंकुर असतो आणि तो परागसंकरातून आलेला. हापूसची कोय लावली तर येईल ते रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेलं बिनजातीचं झाड. त्यातलं एखादं चांगलं निघेल, पण हापूस निघणार नाही. आग्नेय आशियातल्या बऱ्याच जाती बहुगर्भी असतात, त्यांच्या एका कोयीतून तीन-चार अंकुर येतात आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईसारखे. तिथल्या लोकांना कलमावाचून अडलं नाही. आपल्याकडे कलम नसेल तर चांगलं झाड त्याच्या आयुष्यापुरतंच. वीज पडली, वाळवी लागली, की जात संपली.

तोडलेली काडी का साधत नाही? आंब्याला चीक असतो, कापल्यावर जखमेवर येतो आणि काळा पडतो. काडी लवकर सुकते. सांधा जुळायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर काडीला पाणी द्यायला कोणी नसतं. प्लॅस्टिकची पट्टी नव्हती तेव्हा ती ओल धरून ठेवणं जवळपास अशक्य होतं. भेटकलमात काडी आईवरच असते, पाणी तिला आईकडून मिळत राहतं. म्हणून ती रीत आंब्याला लागू पडली.

आता भेटकलम.

खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते रोप : रायवळ कोयीचं, एक वर्षाचं, कुंडीत किंवा मडक्यात वाढवलेलं, खोड पेन्सिलीएवढं. कुंडी हलकी हवी. मातीसकट चार किलोच्या वर गेली तर खालचा बांबूंचा माच वाकतो.

डोळकाडी : आईझाडाची खुंटाच्याच जाडीची, निरोगी, उन्हातली फांदी. आतल्या सावलीतली लांबट फांदी घेऊ नका, ती जुळते पण पुढे जोर धरत नाही.

माच : फांदीच्या उंचीला बांबूंचा माळा बांधून त्यावर कुंड्या ठेवायच्या. इथेच निम्मी कलमं मरतात. वारा सुटला की फांदी हलते, कुंडी हलत नाही, आणि सांधा रोज थोडा थोडा उचकटतो. फांदी आणि कुंडी दोन्ही माचाला बांधा, म्हणजे हललं तर दोन्ही एकत्र हलेल.

काप : कुंडीतल्या मातीपासून साधारण वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरवर, खुंटाची ५-६ सेंटिमीटर लांब साल पातळ लाकडासकट काढा. खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. फांदीवर तेवढ्याच लांबीचा आणि रुंदीचा काप घ्या. चाकू एकाच ओढीत चालला पाहिजे, करवतल्यासारखा नाही. काप सपाट आला नाही तर मध्ये पोकळी राहते, पाणी शिरतं आणि कुजतं.

जुळणी : साल आणि लाकूड यांच्या मधला जो ओलसर हिरवट थर असतो तोच जुळतो, लाकूड लाकडाला कधी जुळत नाही. दोघांची जाडी कमीजास्त असेल तर मधोमध बसवू नका. एका बाजूची कड कडेला तंतोतंत लावा, दुसरी कड सुटली तरी चालेल.

बांधणी : पूर्वी केळीचा सोप किंवा सुतळी गुंडाळून वर शेण-चिकणमातीचा लेप देत. आज दोन सेंटिमीटर रुंदीची पातळ प्लॅस्टिक पट्टी. खालून वर, कौलं शाकारल्यासारखी एकावर एक चढत जाऊ द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही.

हे काम आषाढ-श्रावणात करायचं. एक फसवी गोष्ट : बाहेर धो धो पाऊस असला तरी दाट आंब्याखाली कुंडी कोरडी राहते. पाऊस आहे म्हणून पाणी घातलं नाही आणि खुंट सुकला, हे कायमचं ठरलेलं रडगाणं. रोज बोट घालून माती बघा.

तोडणी : दोन ते अडीच महिन्यांनी सुरू करायची, एकदम नाही. सांध्याच्या खाली, आईच्या बाजूला फांदीवर एक तृतीयांश खाच. दहा दिवस थांबा. पानं टवटवीत राहिली तर खाच दोन तृतीयांश करा. आणखी दहा दिवसांनी पूर्ण तोडा आणि खुंटाचा सांध्यावरचा शेंडाही उडवा. पहिल्याच खाचेला पानं मलूल पडली तर समजा सांधा कच्चा आहे; पुढची खाच पंधरा दिवस लांबवा. तोडल्यावर महिनाभर सावलीत ठेवा. पट्टी फुगलेल्या खोडात रुतायच्या आत काढा, नाहीतर सांध्यावर कंबर पडते आणि चार वर्षांनी वादळात झाड तिथेच मोडतं.

कुळागर :

खुंटरोप यांनी जे सांगितलं त्यातच मनुचीच्या यादीतल्या नावांचं उत्तर दडलंय, असं मला वाटतं. भेटकलमात रोप झाडाकडे जातं. कोयकलमात काडी रोपाकडे येते. फरक एवढाच, पण झाड ज्याच्या भाटात, म्हणजे बागेत, त्याच्या परवानगीशिवाय भेटकलम होऊच शकत नाही. तीन महिने त्याच्या झाडाखाली माच उभा राहणार, रोज कोणीतरी पाणी घालणार. चोरून न्यायची सोय नाही. म्हणून जात ही त्या घराची ओळख झाली आणि आंब्याला मालकाचं नाव पडलं. आजही गोव्यातल्या जातींची नावं काढा : फर्नांदीन, कुलास म्हणजे कुलासो, फुर्ताद, हिलारियो, शावियेर. सगळी माणसांची. तुमचा मुसराद हाही ‘मोन्सेर्रात’चा झालेला आहे.

मानकुराद मात्र माणसाचा नाही. ‘माल कोराद’, म्हणजे रंगाने वाईट. पिकल्यावरही साल फिकट पिवळी, गालावर लाली नाही, अंगभर बारीक पांढुरके ठिपके. नाव ठेवणाऱ्याने फक्त साल बघितली असावी! आज गोव्यात पहिल्या हंगामाचा मानकुराद डझनाला जो भाव खातो, त्यापुढे हापूस गरीब वाटतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हाच ‘गोवा मानकूर’.

एक गोष्ट या गोड चर्चेत राहून जाते. या बागा कुणाच्या जमिनीवर होत्या? १५४१ मध्ये गोव्याच्या तिसवाडी भागातल्या गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ जमीनधारकांना, देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाला सोडावं लागलं. ज्या जमिनीवर देवाचा भोपी म्हणजे पुजारी, कळवात म्हणजे देवळातली कलावंतीण, वाजंत्री यांचं पोट होतं ती पाद्र्यांच्या ताब्यात गेली. पुढे १७५९ मध्ये पोर्तुगीज राजाने जेझुइटांनाच हाकललं आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. जमीन पुन्हा मूळ गावकारांकडे गेली असं झालं नाही. कलम पाद्र्यांच्या देखरेखीत वाढलं हे खरं, पण माचावर चढून केळीचा सोप गुंडाळणारे हात इथल्याच मुंडकारांचे, म्हणजे मालकाच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळांचे, होते. त्यातल्या कुणाचं नाव आंब्याला मिळालं नाही. एक तो धोबी सोडून.

आणि मुसराद राखताय हे उत्तम. मांगाड, म्हणजे साखर घालून आटवलेला आंब्याचा गर, करायला त्याच्यासारखा आंबा नाही. गर दाट, आंबटपणा थोडा जास्त, शिजवून रंग टिकतो. पोर्तुगीज लोक त्यांच्या मार्मेल (इंग्रजीत क्विन्स) फळाचा गर आटवून वडीसारखा ‘मार्मेलाद’ करत. तीच रीत इथे पेरूला लागून ‘पेराद’ झाली आणि आंब्याला लागून मांगाड. एक किलो गराला पाऊण किलो साखर. जाड बुडाचं भांडं घ्या, मंद आच. आधी नुसता गर निम्म्यावर आटवा, मग साखर घाला. साखर आधीच घातली तर पाणी सुटून वेळ दुप्पट लागतो आणि तळ करपतो. कालथ्याने भांड्याच्या तळावर रेघ ओढली आणि ती लगेच मिटली नाही की उतरवायचं.

दर्यावर्दी :

अवांतर, पण विषयाला धरून. पोर्तुगीजांनी आंबा ब्राझीलला नेला आणि तिकडून काजू इकडे आणला. यातलं एक सोपं होतं, एक महाकठीण, आणि कारण बियांत आहे.

काजूचं बी वाळलं की काही महिने रुजण्याजोगं राहतं. गोणीत भरा, सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करा, उतरल्यावर लावा. ब्राझीलच्या तुपी लोकांचा ‘अकाजु’ असा नावासकट आला आणि आपल्याकडे काजू झाला.

आंब्याच्या कोयीचा जीव तीन-चार आठवड्यांचा. त्यातून जहाजांचं वेळापत्रक बघा. गोव्याहून लिस्बनला जाणारी जहाजं ईशान्य वारे धरून डिसेंबर-जानेवारीत निघत. तेव्हा आंब्याला जेमतेम मोहोर! आंबा पिकेपर्यंत जहाजं आफ्रिका वळसून गेलेली. म्हणजे कोय थेट जायचा प्रश्नच नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे मुक्काम घेत घेतच तो पश्चिमेला सरकला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या बाहियाला पोचला. नाव मात्र त्याच्या पुढे पोचलेलं होतं : मलबारात ऐकलेल्या ‘मांगा’चं पोर्तुगीज ‘मांगा’, आणि त्यावरून इंग्रजांचं मँगो. कोकणीत-मराठीत आंबा म्हणतात, पण पोर्तुगीजांनी पहिला आंबा केरळात खाल्ला, गोव्यात नाही, हे त्या शब्दावरून कळतं.

मोसंबीही याच वाटेवरची. मोझांबिक बंदराचं नाव त्या फळाला लागलं.

सड्यावरचा :

सर्वांचे आभार. संकासुरांचेही, त्यांच्यामुळे बृहत्संहितेची यादी कळली.

खुंटरोप, आमच्या झाडाच्या खालच्या फांद्या उरलेल्याच नाहीत. पहिली फांदी पंधरा फुटांवर आहे. तिथे माच बांधणं कठीण. मग कोयकलमच ना? आणि म्हाताऱ्या झाडाला काड्या बारीक येतात त्याचं काय करायचं?

खुंटरोप :

मग कोयकलमच. पंधरा फुटांवर माच बांधून रोज पाणी घालायला माणूस कुठून आणणार? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ही रीत बसवून दिली तेव्हापासून कोकणातल्या नर्सऱ्यांतून भेटकलम जवळजवळ उठलंच.

काडीचं आधी बघू. म्हाताऱ्या झाडाला आपोआप येणारी पालवी किरकोळ असते. दिवाळीच्या सुमारास दोन-तीन उन्हातल्या फांद्या मनगटाएवढ्या जाडीवर छाटा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. फुटवे आले की त्यातले जोमदार चार-पाच ठेवून बाकी काढा. पावसाळ्यापर्यंत पेन्सिलीएवढ्या काड्या मिळतील. काडी तीन-चार महिन्यांची, गोल, टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला अशी हवी. कलम करायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं कापा, देठाचे तुकडे ठेवून. देठ बोट लावताच गळाले की काडी तयार. हा दहा दिवसांचा टप्पा लोक गाळतात आणि मग ‘काडी हिरवी राहिली पण फुटली नाही’ म्हणून विचारतात. पानं काढली की डोळ्यात रस भरतो, म्हणून तो लवकर फुटतो.

कोयी : रायवळ आंब्याच्या, खाल्ल्यावर आठवड्याच्या आत लावायच्या. पाण्यात टाका, तरंगतील त्या फेकून द्या. निचऱ्याच्या गादीवाफ्यावर पेरा. रोप वर आलं की पहिली पानं तांबूस, लुसलुशीत असतात. कलम याच वेळी, रोप साधारण १२ ते १५ दिवसांचं असताना. पानं हिरवी झाली की खोड लाकडासारखं होऊ लागतं आणि यश घसरत जातं. पाच-सहा दिवसांची चालढकलही महाग पडते.

रोप कोयीसकट उपटा, कोय निसटू देऊ नका. तिच्यातल्या अन्नावरच सगळं चाललेलं असतं. माती धुऊन एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात पाच मिनिटं बुडवा. कोयीच्या वर ७-८ सेंटिमीटरवर शेंडा कापा आणि मधोमध ४ सेंटिमीटर उभी चीर द्या. काडी १० ते १५ सेंटिमीटर लांब; तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी चिरेएवढाच लांब काप घेऊन पाचर करा. पाचर चिरेत पूर्ण खाली गेली पाहिजे. वर फट राहिली तर तिथून कुजायला सुरुवात होते. काडी रोपापेक्षा जाड असेल तर कोवळं खोड फाटतं, म्हणून जरा बारीक चालेल, जाड नको. पट्टी घट्ट बांधा, पण रोप चिरडेल इतकी नाही. अंगठ्याने दाबल्यावर हललं नाही एवढं पुरे.

मग १५ बाय २५ सेंटिमीटरच्या पिशवीत कोय जेमतेम झाकेल असं लावा. सावली हवी, थेट पावसाचा मारा नको. जुलै-ऑगस्ट हा यशाचा काळ, कारण हवेतच ओल असते. तीन ते चार आठवड्यांत डोळा फुटतो. सांध्याखालून रायवळची फूट येईल, ती दिसेल त्या दिवशी नखाने खुडा. ती राहिली तर दोन महिन्यांत तीच रोप होते आणि तुम्ही पाच वर्षं मुसराद समजून रायवळ वाढवता. नर्सरीतून आणलेलं ‘मानकुराद’ पुढे भलतंच निघतं, त्यातली निम्मी प्रकरणं याच फुटीची असतात.

काड्या लांबून आणायच्या असतील तर ओल्या गोणपाटात गुंडाळून वर प्लॅस्टिक, उन्हापासून दूर. तीन दिवस टिकतात. ओली म्हणजे पिळून काढलेली ओल, टपकणारी नाही.

कुळागर :

यात भर : एकाच वेळी वीस-पंचवीस तरी बांधा. पहिल्या वर्षी हात बसलेला नसतो, निम्मी जगली तरी नशीब. आणि प्रत्येक पिशवीला जातीचं नाव, आईझाड आणि तारीख लिहिलेली पट्टी लावा. पावसात शाई जाते, पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने ओरखडलेलं राहतं.

संकासुर :

मान्य, आंबा यादीत नव्हता. पण शेण लावा हे वराहमिहिरानेच सांगितलं होतं, आणि भेटकलमाच्या लेपात शेण आहेच. एवढं तरी द्या.

जुनेकागद :

दिलं.

सड्यावरचा :

शेवटचं. पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावताना काय सांभाळायचं? आणि शेजारी हापूसच्या ओळी आहेत, त्याने काही बिघडतं का?

खुंटरोप :

बिघडत नाही, उलट हापूसचं भलं होतं. हापूसचं झाड स्वतःच्याच परागावर नीट धरत नाही, म्हणून नुसत्या हापूसच्या बागेत दहातलं एक झाड दुसऱ्या जातीचं लावायला सांगतात. पायरी, केशर, रत्ना, गोवा मानकूर यांतलं काहीही.

खड्डा तिन्ही बाजूंनी एक मीटर, दोन झाडांत दहा मीटर. कातळात सुरुंग लावून खड्डा केला असेल तर तळाला भेग आहे का ते पाणी ओतून बघा. पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर तो खड्डा नव्हे, टाकी आहे, मुळं कुजतील. सांधा जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. मातीत गाडला तर काडीच मुळं सोडू पाहते आणि सांध्यापाशी बुरशी धरते. पट्टी अजून राहिली असेल तर लावायच्या आधी ब्लेडने उभी चिरून काढा. पश्चिमेकडून काठीचा आधार द्या. दुसऱ्याच वर्षी मोहोर येईल, कारण काडी म्हाताऱ्या झाडाची आहे आणि तिचं वय तिच्याबरोबर येतं. मोह होतो, पण पहिली तीन-चार वर्षं तो मोहोर खुडून टाकायचा.